चालू होईपर्यंत

१

दर शनिवारी सकाळी लोकेश वरच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत जायचा, टेबलाखालच्या काळ्या डब्याचं बटण दाबायचा आणि खुर्चीत मागे टेकून बसायचा. त्या कॉम्प्युटरला चालू व्हायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात एखाद्याची अंघोळ आटपावी. आधी पंखा घुरघुरायचा, मग पडदा नुसता काळा राहायचा. त्या काळ्या पडद्याआड हा म्हातारा काय विचार करत बसतो, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

यामिनी होती तेव्हा तिनं या वेळाची सोय लावून टाकली होती. बटण दाबायचं, जिना उतरून खाली स्वयंपाकघरात जायचं, आल्याचा चहा टाकायचा आणि दोन कप घेऊन वर यायचं. ती खोलीत पाऊल टाकायची आणि पडद्यावर उजेड यायचा. "याला चहाचा वास लागल्याशिवाय जाग येत नाही," म्हणायची.

लोकेशला या प्रकाराचा राग यायचा. नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनच्या ज्या मोठ्या कंपनीत तो कामाला होता, तिथं चिप बनवणारी यंत्रं तयार होत, आणि त्याचं काम एकच होतं. यंत्र मधेच रिकामं कुठं थांबतं ते हुडकायचं आणि तो रिकामा वेळ छाटून टाकायचा. असल्या माणसाच्या घरात असला ठोंब्या डबा! नवीन घेऊ, असं तो किती वेळा म्हणाला असेल. पण हे घर घेतल्यावर पहिल्याच हिवाळ्यात यामिनीनं तो स्वतः एकेक भाग मागवून जोडला होता. ती म्हणायची, "तुझी कात्री तुझ्या यंत्रांना लाव. माझ्या शनिवारला लावू नकोस."

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं. शनिवार तसाच राहिला होता. लोकेश बटण दाबायचा, पडदा उजळायचा, तो तिचे फोटो असलेलं एखादं फोल्डर उघडायचा आणि बंद करायचा. खाली जाऊन चहा करावा एवढीही इच्छा व्हायची नाही.

पानगळ सुरू झाली त्या सुमारातला एक शनिवार. पंखा घुरघुरला, पडदा काळा झाला आणि खालून आवाज आला. टिक, टिक, टिक, आणि मग भक्. गॅस पेटल्याचा. लोकेश खिडकीबाहेर शेजाऱ्यांची सायकल बघत होता. चहा टाकला वाटतं, असं त्याच्या मनात येऊनही गेलं. मग तो ताठ बसला.

यामिनी आता नाही, हे त्याला नंतर आठवलं. त्याआधी आठवलं ते हे, की घरात गॅसच नव्हता. उन्हाळ्यात ख्मेंटेनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, सगळ्या गल्लीचा गॅस बंद करून टाकला होता. जुनी शेगडी उचलून नेली होती आणि तिच्या जागी विजेची गुळगुळीत काळी काच बसली होती. तिला ना बटण, ना ठिणगी.

खाली नळ वाहिला. पातेलं शेगडीच्या जाळीवर टेकलं. मग किसणीवर आलं घासल्याचा आवाज येऊ लागला, आणि पडदा उजळला. आवाज तिथंच तुटला.

२

लोकेशच्या घराण्यात भुताखेतांना कधी थारा मिळाला नव्हता. त्याचे वडील भीमसेन गुरुजी अकोल्याजवळच्या एका गावात शाळामास्तर होते. गावात कुठल्या विहिरीवर, कुठल्या चिंचेखाली काही दिसतं असं कानावर आलं की गुरुजी सतरंजी घेऊन तिथं झोपायला जायचे, आणि सोबत लोकेशला न्यायचे. सकाळी उठल्यावर विचारायचे, "काय दिसलं?" लोकेश म्हणायचा, "डास." गुरुजी खूश होऊन हीच गोष्ट शाळेत सांगायचे. घरात बुद्धाची मूर्ती होती, पुस्तकं होती. जे तपासता येत नाही ते मानायचं नाही, हा त्या घरचा रिवाज होता. यामिनीच्या माहेरीही तेच. मुलगी मृण्मयी याच विचारांत वाढली होती.

म्हणून लोकेशनं तपासलं. शेजारच्या घराची भिंत सामाईक आहे, आवाज तिकडचा असेल. शेजारी तर सुट्टीवर गेले होते. नव्या हीट पंपाच्या पाइपातून येत असेल. त्यानं पंप बंद केला आणि बटण दाबलं. टिक, टिक, टिक, भक्. दुःखानं डोकं फिरलं असेल. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे गेला, झोप नीट लागत नाही एवढंच सांगितलं आणि गोळ्या घेऊन आला. झोप लागली. आवाज राहिला.

एक मात्र पक्कं झालं. बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत खाली कुणीतरी चहा करत असे. एरवी घरात चिटपाखरू नसे. पडदा उजळला की संपलं.

मग हे फक्त शनिवारपुरतं राहिलं नाही. ऑफिसला जायच्या आधी रोज बटण दाबू लागला. आल्याची किसणी ऐकायची, उकळीचा आवाज ऐकायचा, मग पडदा उजळला की बंद करून सायकल काढायची. त्याला भीती वाटायची का? खरं सांगायचं तर नाही. त्याला बरं वाटायचं. दिवसभरात तेवढाच वेळ त्याला बरं वाटायचं.

तो कधी खाली बघायला मात्र गेला नाही. जिना चार ढांगांत उतरला असता, पण धीर झाला नाही. खाली कुणी असलं तर काय, ही त्याची भीती नव्हती. खाली कुणी नसलं तर, ही होती.

आणि हे बोलायचं कुणाशी? मृण्मयीशी? तिच्या आजोबांची सतरंजीची गोष्ट तिला तोंडपाठ होती. पप्पाच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं तिनं मनात धरलं असतं आणि डेल्फ्टच्या विद्यापीठातलं शिक्षण सोडून घरी येऊन बसली असती. आई गेली, आता बापही हातचा गेला असं तिला वाटू द्यायचं नव्हतं.

३

एका शनिवारी मृण्मयी आली ती एक चपटं खोकं घेऊन. केसांत पाऊस, गाल लाल, खांद्यावर पिशवी.

"पप्पा, सरप्राइज. आईच्या कॉम्प्युटरसाठी."

ती इथंच वाढलेली. मराठी सगळी कळायची, पण बोलताना इंग्रजीत नाहीतर डचमध्ये शिरायची आणि अर्ध्या वाटेत परत यायची.

खोक्यात प्रोसेसर होता.

"कशाला गं? चालतोय की तो," लोकेश म्हणाला.

"चालतोय? पप्पा, सीरियसली?" ती हसली. "त्याच्या विंडोजचा सपोर्ट संपला. नवीन विंडोज त्या जुन्या प्रोसेसरवर बसतच नाही. असाच ठेवला तर एक दिवस फेकून द्यावा लागेल. पण मदरबोर्ड चांगला आहे. आईनं बरोबर बोर्ड निवडला होता, मी चेक केलं. हा प्रोसेसर त्यात बसतो. मग तो आणखी कितीतरी वर्षं चालेल." आणि जरा थांबून मराठीत म्हणाली, "मला तो फेकायचा नाहीये, पप्पा."

लोकेशच्या तोंडात शब्द आले होते. याला हात लावू नकोस, याच्या उशिरातच तर सगळं आहे. पण ते त्याच्या स्वतःच्या कानांनाही वेड्यासारखे वाटले. जन्मभर ज्या माणसानं यंत्रांचा थांबलेला वेळ कापून पोट भरलं, त्यानं आपल्या मुलीला सांगायचं, की बाई गं, हे यंत्र हळूच राहू दे?

"बरं," तो म्हणाला. "बघू जमतं का."

दोघांनी डबा टेबलावर आडवा घेतला. मृण्मयीचे हात थेट आईचे. पंखा सोडवला, जुनी वाळलेली पेस्ट कापसानं पुसली, तरफ उचलली आणि जुना प्रोसेसर अलगद वर काढला. तिनं तो रिकाम्या प्लास्टिकच्या कवचात ठेवून टेबलाच्या खणात टाकला. नवा बसवला, पेस्ट लावली, पंखा चढवला.

"रेडी?" तिनं विचारलं आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. दिवा लागला. पडदा काळा.

आणि खाली टिक, टिक, टिक, भक्.

४

दुपारभर ती दोघं त्या काळ्या पडद्याशी झटत राहिली. रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या. एकच पट्टी लावून पाहिली. ग्राफिक्स कार्ड बदलून पाहिलं. बोर्डावरची छोटी बॅटरी काढून परत घातली. प्रोसेसर पुन्हा काढून त्याच्या पिना भिंगाखाली तपासल्या. एकही वाकलेली नव्हती. प्रत्येक खटपटीनंतर बटण, पंखा, दिवा आणि काळोख. मृण्मयी कानांत हेडफोन घालून मोबाइलवर कुणाकुणाचे व्हिडिओ बघत होती.

लोकेश तिच्या तोंडाकडे बघत होता. खाली नळ वाहत होता, किसणी घासत होती. हिला ऐकू येत नाही? मग बंद, पुन्हा सुरू, आणि पुन्हा पहिल्यापासून गॅस पेटायचा. त्याला वाटलं, किती बरं झालं हा प्रोसेसर चालत नाहीये ते. जुना परत बसवू आणि विषय संपवू.

मृण्मयीनं एकदा हेडफोन काढले आणि नाक वर करून हवेत वास घेतला.

"पप्पा, तू खाली काही ठेवलंयस का? जिंजर?"

"हो," लोकेश म्हणाला. "चहा. विसरलोच."

तो उठला नाही, आणि तिनंही पुढं विचारलं नाही. पण नंतर बराच वेळ तिनं हेडफोन पुन्हा कानाला लावले नव्हते.

रविवारी ती गाडीनं डेल्फ्टला परत गेली. जाताना बजावून गेली, "तू काही करू नको हं. मी फोरमवर विचारते. काहीतरी छोटंसंच असेल."

५

सोमवारी लोकेशनं घरून काम करतो असं कळवलं आणि वर गेला. नवा प्रोसेसर आत तसाच होता. खणातून जुना काढून बसवायला फार वेळ लागला नसता. पण त्याच्या डोक्यात वेगळंच घुमत होतं. पडदा उजळला की आवाज तुटतो. आणि हा पडदा तर आता उजळतच नाही.

त्यानं बटण दाबलं.

गॅस पेटला. नळ, पातेलं, आलं. साखरेच्या डब्याचं झाकण. उकळी आली, दूध पडलं, पुन्हा उकळी. एवढं त्यानं आजवर कधीच सलग ऐकलं नव्हतं. गाळणं कपाच्या काठावर आपटलं. चमचा फिरला. लोकेशचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत. काळा पडदा समोर तसाच होता आणि जन्मात पहिल्यांदा तो एखाद्या यंत्राला मनातल्या मनात विनवत होता, की थांब, असाच थांबून राहा.

मग जिन्याची पहिली पायरी करकरली.

इथला जिना म्हणजे शिडीच. अरुंद, उभा, पाय जेमतेम मावेल अशा पायऱ्यांचा. यामिनी तो दोन्ही हातांत कप घेऊन भराभरा चढायची, कठड्याला हात न लावता. लोकेश हसून वळणार, तेवढ्यात त्याला कळलं की दुसरी पायरी वाजलीच नाही.

श्वास ऐकू आला. आत ओढलेला, मधेच अडकलेला. मग भिंतीवर हात टेकल्याचा आवाज. मग दुसरी पायरी. मग पुन्हा श्वास.

हा श्वास त्याच्या ओळखीचा होता. शेवटच्या महिन्यांत यामिनीला जिना चढवत नव्हता. होम केअरवाल्यांनी खालीवर होणारा पलंग आणून खालच्या हॉलमध्ये लावला होता आणि ती तिथूनच छताकडे बघत विचारायची, "वर धूळ बसली असेल ना रे?" त्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जायला तिला भिंतीला तीनदा टेकावं लागायचं. ती कधी ओरडली नाही. नुसता हा असा श्वास घ्यायची, आणि लोकेश तिचा दंड धरून उभा राहायचा, कारण दुसरं काही करण्याजोगं उरलंच नव्हतं.

चमचा कपात किणकिणत होता. पायरी. श्वास. पायरी.

शनिवारच्या सकाळी चहा आणणारी ठणठणीत यामिनी ही नव्हती. ही शेवटची होती. सगळी दुखणी अंगावर घेऊन ती वर येत होती, कारण वर तो बसला होता.

लोकेशला वळायचं होतं. मान वळेना. त्याची नजर समोरच्या काळ्या काचेवर होती आणि काचेत त्याच्या खांद्यामागचं अर्धवट उघडं दार दिसत होतं. चमच्याचा आवाज दारापाशी आला. दाराच्या चौकटीला, वाटलं होतं त्यापेक्षा खूपच खाली, चार बोटं येऊन टेकली. काड्यांसारखी. एका बोटात अंगठी होती आणि ती निसटू नये म्हणून तिला पांढरा दोरा गुंडाळलेला होता. तो दोरा लोकेशनंच गुंडाळला होता.

त्यानं झुकून प्लग ओढला.

पंखा मंदावत थांबला. काचेत नुसतं दार होतं.

तो घाबरला होता. दुसरं तिसरं काही नाही, आपल्या बायकोला घाबरला होता. आणि हे कळल्यावर तो टेबलावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला.

६

रडू ओसरल्यावर त्याला आणखी एक गोष्ट उमगली आणि ती त्या बोटांपेक्षाही भयंकर होती. शनिवारी दुपारभर त्या दोघांनी किती वेळा बटण दाबलं होतं! दर वेळी तिनं पहिल्यापासून गॅस पेटवला, आलं किसलं. आणि त्याआधी, पानगळीपासून, रोज सकाळी तो आपल्या जिवाला बरं वाटावं म्हणून हेच करत होता. आवाज गोड वाटत होते कारण ते अर्ध्यावर तुटत होते. तिला किती दुखतंय हे तिथवर ऐकूच येत नव्हतं.

बटण पुन्हा दाबायचं नाही, हे त्याला कळत होतं. पण तिला दारातून तसंच परतवून तो कसा राहणार?

दुपारी मृण्मयीचा फोन आला. स्वारी खुशीत होती.

"पप्पा, सापडलं! बायोस जुनं आहे. म्हणजे बोर्डाचं जे आतलं सॉफ्टवेअर असतं ना, ते नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही. ते अपडेट करायचं, विंडोज सुरू व्हायच्या आधीच थांबवून, काळ्या पडद्यावर. पण त्यासाठी एकदा जुना प्रोसेसर परत बसवावा लागेल, कारण नवा असताना काही दिसतच नाही."

"एकदाच?"

"हो, लास्ट टाइम. कारण बायोसच्या चिपमध्ये जागा कमी आहे. नव्याची माहिती भरायची तर जुन्याची काढून टाकतात. अपडेट झालं की जुना या बोर्डावर परत कधीच चालणार नाही. मागे जाता येत नाही, पण आपल्याला कुठं मागे जायचंय?"

लोकेशनं टेबलाचा खण उघडला.

"पप्पा? आहेस ना?"

"शनिवारी करू," तो म्हणाला. "मी असताना. माझ्याशिवाय हात लावू नकोस."

"ओके बॉस."

पुढचे दिवस तो मनाशी एकच गोष्ट घोकत राहिला. शनिवारी मृण्मयीला काहीतरी आणायला आल्बर्ट हाइनच्या दुकानात पिटाळायचं. जुना प्रोसेसर बसवायचा, बटण दाबायचं आणि मृण्मयीनं सांगितलं तसं विंडोजच्या आधीच थांबवून ठेवायचं, म्हणजे पडदा उजळणार नाही. खुर्चीत बसायचं नाही. गॅस पेटल्याचा आवाज आला की लगेच खाली जायचं. खाली जे असेल ते असो, आता डोळे मिटायचे नाहीत, पळायचं नाही. तिच्या हातातून पातेलं घ्यायचं, तिला खुर्ची द्यायची आणि म्हणायचं, यामिनी, तू बस. आज चहा मी करतो. तुला वर यायची गरज नाही. आणि तिनं बसून एक घोट घेतला की मगच वर येऊन ते अपडेट चालवायचं.

एवढंच हवं होतं त्याला. तिला राहा म्हणायचं नव्हतं. फक्त त्या जिन्यावरून तिची सुटका करायची होती, आणि ती स्वतःच्या हातानं करायची होती.

ऑफिसात कॉफीच्या यंत्रापाशी उभा राहून तो ही वाक्यं पुटपुटत होता. शेजारचा डच सहकारी त्याच्याकडे बघून समजुतीनं हसला आणि त्याला वाट करून दिली.

७

शुक्रवारी तो दिवसभर यंत्राच्या स्वच्छ खोलीत होता. पांढरा अंगरखा, टोपी, मास्क, आणि फोन बाहेर लॉकरमध्ये. संध्याकाळी बाहेर आल्यावर त्यानं फोन बघितला तर मृण्मयीचे कितीतरी मिस्ड कॉल होते. त्यानं उलट फोन केला. तिनं उचलला. नुसतं म्हणाली, "घरी ये."

सायकल त्यानं कशी हाणली ते त्याला आठवत नाही. घरात दिवे लागलेले होते. मृण्मयी जिन्याच्या तळाशी, खालच्या पायरीवर, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. वरच्या खोलीतून कॉम्प्युटरच्या पंख्याचा अगदी मऊ, नवा आवाज येत होता.

"लेक्चर कॅन्सल झालं," ती म्हणाली. डोळे सुजले होते. "मी म्हटलं, तू यायच्या आधी करून ठेवते. तुला किती त्रास होतोय ते दिसत होतं मला. आय जस्ट वाँटेड..." आणि ती थांबली.

"झालं अपडेट?" लोकेशनं विचारलं. आपलाच आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला.

तिनं होकारार्थी मान हलवली. आणि मग जे बोलली ते सगळं मराठीत बोलली. इंग्रजी-डचमध्ये एकदाही न शिरता, लहानपणी आईच्या मांडीवर बसून बोलायची तशी.

"जुना बसवला आणि चालू केलं. खाली आवाज यायला लागले. मला वाटलं तू आलास. मग आल्याचा वास आला. त्या दिवशीसारखाच. मी अपडेट सुरू केलं होतं, काळ्या पडद्यावर नुसती पट्टी हळूहळू सरकत होती आणि खाली लिहिलं होतं की बंद करू नका. मग जिना वाजला, पप्पा. कुणीतरी चढत होतं. थांबत थांबत. मला तो श्वास... मला माहीत होता तो."

"तू वळलीस?"

"नाही." ती हमसून रडू लागली. "मी वळले नाही. भीती वाटली. मी नुसती पट्टीकडे बघत बसले. आई जिन्याच्या मध्यावरच थांबली. वर नाही आली. तिथूनच म्हणाली..."

लोकेश तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "काय म्हणाली?"

"म्हणाली, मृणू, पप्पा कुठेत?"

बाहेरून एक सायकल घंटा वाजवत गेली.

"मी म्हटलं, ऑफिसला. मला दुसरं काही सुचलंच नाही. मग श्वास ऐकू येईना. मला वाटलं गेली. मग म्हणाली, बरं. मग झाकून ठेवते." मृण्मयीनं बाहीनं नाक पुसलं. "आणि पट्टी पूर्ण झाली. मी बंद करून नवा प्रोसेसर बसवला. लगेच चालू झालं. खाली यायला वळले तर... पप्पा, मी ते ओलांडून आले. मला हात लाववला नाही."

लोकेशनं वर बघितलं. जिन्याच्या मध्यावर, भिंतीच्या कडेला, कुणाच्या पायाला लागणार नाही असा सरकवून ठेवलेला एक कप होता. त्यावर बशी उपडी घातलेली होती.

तो उठला. कपाशेजारून जपून पाय टाकत वर गेला. कॉम्प्युटर बंद केला आणि पुन्हा बटण दाबलं. बोट उचलायच्या आत पडदा उजळला. थांबणं नाही, काळोख नाही, मधे एका श्वासाचीही जागा नाही. त्यानं पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. खाली मृण्मयीच्या रडण्याशिवाय कुठलाच आवाज नव्हता.

मग तो जिना उतरून त्या पायरीवर येऊन बसला. बशी काढली. चहावर साय धरली होती आणि कप पार गार झाला होता. दिवसभर वाट बघून गार झाला होता. त्यानं तो दोन्ही हातांत धरला आणि हळूहळू, सायीसकट, सगळा प्यायला.

मृण्मयी खालून वर आली, त्याच्या पायाशी बसली. मग तिनं हात पुढं केला.

"दे, पप्पा. मी विसळून ठेवते."

लोकेशनं कप दिला नाही.